चिऱ्यांच्या दर्जा वाचत: न्यूर्नबर्गच्या जुन्या शहरात

बुधवार, सायंकाळ

एरलांगेनला नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या पुतण्याकडे आम्ही उभयता मे महिन्याच्या अखेरीस गेलो, तेव्हा तेथून आगगाडीने वीसेक मिनिटांवर असलेल्या न्यूर्नबर्गसाठी चार दिवस मुद्दाम राखून ठेवले होते. हे नाव आपल्याकडे बहुतेकांना 'न्यूरेंबर्गचे खटले' या शब्दांतूनच ठाऊक असते आणि माझीही गत त्याहून निराळी नव्हती. मात्र माझी सारी नोकरी जुन्या दगडी इमारतींच्या डागडुजीत गेली असल्यामुळे, तटबंदी शाबूत असलेले मध्ययुगीन शहर पाहायला मिळणार याचे मला विशेष अप्रूप होते.

स्थानकाच्या दारातून बाहेर पडताच रस्त्यापलीकडे तट उभा राहतो. तांबूस वालुकाश्माचे ताशीव चिरे, खाली कोरडा खंदक आणि कोपऱ्यावर चाळीसेक मीटर उंचीचा, पोटाशी फुगलेला गोल बुरूज. अशा चार बुरुजांना १५५६ ते १५५९ या काळात तोफांच्या माऱ्याला तोंड देण्यासाठी दगडाचे जाड गोल कवच चढवण्यात आले. आतले मूळ बुरूज चौकोनी आहेत. सुमारे पाच किलोमीटरच्या मूळ तटबंदीपैकी चारेक किलोमीटर आजही उभी आहे. राजवेशीतून आत शिरून आम्ही रुंद रस्त्याने सेंट लोरेन्झ चर्चच्या जोडमनोऱ्यांकडे चालू लागलो. दोन्ही बाजूंना उंच उताराची कौलारू छपरे होती, मधूनच एखादे लाकडी झरोके असलेले घर होते, आणि नऊ वाजत आले तरी आकाशात उजेड होता. मी मान वर करून चाललो असताना पुतण्या म्हणाला, "काका, यातलं बरंचसं तुमच्याच वयाचं आहे बरं का!"

मी थांबून जवळच्या भिंतीला हात लावला. चिरे सरळ, कोपरे धारदार, दर्जा (दोन चिऱ्यांमधले सांधे) एकसारख्या रुंदीच्या आणि त्यांत भरलेला माल सिमेंटचा. चुन्याची दर्ज अशी कधी दिसत नाही. दोन घरे सोडून असलेल्या भिंतीत मात्र खालचे चार थर काळवंडलेले, कडा झिजलेले आणि वरचे थर कोरे करकरीत होते. २ जानेवारी १९४५ च्या संध्याकाळी ब्रिटिश हवाई दलाच्या पाचशेहून अधिक विमानांनी या शहरावर बाँब टाकले. तासाभरात सुमारे १,८०० माणसे मेली आणि तटाच्या आतील शहराचा जवळजवळ नऊ-दशांश भाग नष्ट झाला. हे मी वाचले होते, पण वाचणे आणि बोटाखाली जुना व नवा चिरा एकाच वेळी लागणे यांत फरक पडतो. पुढचे चारही दिवस मी शहर असेच पाहिले, म्हणजे मनोरे कमी आणि सांधे जास्त, आणि पत्नीला अनेकदा कोपऱ्यावर माझी वाट पाहत उभे राहावे लागले.

गुरुवार

सकाळी सर्वप्रथम किल्ल्यावर गेलो. न्यूर्नबर्गचा पहिला लेखी उल्लेख १०५० सालचा आहे आणि तेव्हापासून पुढची पाच शतके पवित्र रोमन साम्राज्याचे राजे आणि सम्राट या काइझरबुर्ग किल्ल्यात उतरत आले. या साम्राज्याला कायमची राजधानी नव्हती. सम्राट आपला लवाजमा घेऊन गावोगाव फिरत राज्य करी. चौथ्या कार्लने १३५६ साली काढलेल्या 'सुवर्णमुद्रांकित फर्मानात' नव्या राजाने आपली पहिली दरबारी सभा न्यूर्नबर्गलाच भरवावी असे ठरवून दिले. गावाला ना समुद्र, ना मोठी नदी, ना सुपीक जमीन. तरीही ते श्रीमंत झाले, त्यात या फर्मानाचा आणि व्यापारी मार्ग एकत्र येण्याचा मोठा वाटा आहे.

किल्ल्यात दोन गोष्टी मनापासून पाहण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे दुमजली देवळी, म्हणजे किल्ल्यातले छोटे चर्च: खाली सेवकवर्गासाठी, वर दरबाऱ्यांसाठी, मध्ये फरशीला चौकोनी झरोका, आणि सर्वांच्या वर सम्राटाचा स्वतंत्र सज्जा. एकच प्रार्थना, पण ऐकणाऱ्यांची उतरंड दगडात बांधून काढलेली. हा भाग आणि 'झिनवेल' नावाचा गोल बुरूज बाँबहल्ल्यातून बऱ्याच अंशी वाचला; शेजारचा राजमहाल मात्र पुन्हा उभारलेला आहे. दुसरी गोष्ट म्हणजे खोल विहीर. एका साध्या घराच्या आत, खडकात सरळ खाली सुमारे पन्नास मीटर खोदलेल्या या विहिरीत मार्गदर्शक बाई एका तबकात मेणबत्त्या ठेवून दोरीने ते हळूहळू सोडतात, आणि तो उजेड लहान होत होत टाचणीच्या डोक्याएवढा उरतो. मग त्या तांब्याभर पाणी ओततात. गणिताने ते तीन सेकंदांहून थोड्या अधिक वेळात तळाला पोहोचायला हवे, पण त्या अंधारात कान देऊन उभे असताना तो वेळ चांगलाच लांबल्यासारखा वाटतो. आवाज आला तेव्हा शाळेच्या सहलीतील मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि आमच्याही नकळत आम्ही त्यांत सामील झालो.

बाहेर पडल्यावर कठड्याच्या दगडात घोड्याच्या टापांचे ठसे दाखवतात. एपेलाइन नावाच्या लुटारू सरदाराला फाशी देण्यासाठी येथे आणले असता त्याने शेवटची इच्छा म्हणून आपल्या घोड्यावर बसू देण्याची विनंती केली आणि घोड्यासह खंदकापलीकडे उडी घेतली, अशी दंतकथा आहे. तेव्हापासून 'न्यूर्नबर्गकर हाती लागल्याशिवाय कोणाला फाशी देत नाहीत' अशी म्हण पडली. 'बाजारात तुरी' म्हणणाऱ्या आपल्या लोकांना ती समजावून सांगावी लागत नाही.

किल्ल्यावरून उतरताना टिअरगेर्टनर वेशीपाशी एक छोटा उतरता चौक लागतो, आणि त्याच्या तोंडाशीच चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररचे घर आहे. खालचे दोन मजले दगडी, वरचे लाकडी चौकटीचे, त्यावर उंच छप्पर. हे घर १४२० च्या सुमारास बांधलेले. ड्यूररने ते १५०९ साली विकत घेतले आणि १५२८ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो येथेच राहिला. युद्धात घराला इजा झाली, पण ते उभे राहिले आणि १९४९ मध्येच लोकांना पुन्हा खुले झाले. आत चूल, बुटक्या छताच्या खोल्या, काचेच्या गोल चकत्या शिशात बसवलेल्या खिडक्या आणि वरच्या मजल्यावर छापयंत्र आहे. तेथे लाकडी ठशावरून छाप कसा उठवतात ते करून दाखवतात.

ज्या चित्रासाठी मी या घरात आलो होतो त्यातले जनावर खरे तर ड्यूररने कधी पाहिलेच नव्हते. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा याच्याकडे पोर्तुगीजांनी दीवला किल्ला बांधण्याची परवानगी मागितली होती. ती न देता त्याने त्यांचा गव्हर्नर अफोन्सो दे अल्बुकर्क याच्यासाठी भेट म्हणून एक जिवंत गेंडा पाठवला. अल्बुकर्कने तो पोर्तुगालचा राजा मानुएल याला नजर करायचे ठरवले, आणि जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून जहाजात चढवलेले ते जनावर २० मे रोजी लिस्बनला उतरले. रोमन काळानंतर युरोपात जिवंत गेंडा कोणी पाहिला नव्हता. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, तर हत्तीनेच पळ काढला. या साऱ्याची हकिगत आणि एक कच्चे रेखाटन न्यूर्नबर्गच्या व्यापाऱ्यांपर्यंत पोहोचले, आणि तेवढ्या आधारावर ड्यूररने याच गावात बसून त्याच वर्षी आपला प्रसिद्ध लाकूडठसा केला. त्याने गेंड्याच्या कातडीच्या वळ्यांना चिलखताचे पत्रे केले, पायांवर खवले काढले आणि मानेच्या मागे एक जादा पिळदार शिंगही बसवले. पुढची दोन-अडीच शतके युरोपातील सुशिक्षित लोक गेंडा असाच असतो असे समजून चालले. बिचाऱ्या खऱ्या गेंड्याला राजाने पुढे पोपकडे रवाना केले आणि १५१६ च्या आरंभी इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून तो मेला. पोर्तुगीजांनी त्याचे देशी नाव, 'गंडा', जसेच्या तसे उचलले होते. गोव्याच्या धक्क्यावरून निघालेले जनावर आणि या चौकातली ही खिडकी यांत असा धागा असल्याचे कळल्यावर पत्नीने त्या ठशाची चार पोस्टकार्डे घेतली. नातवंडांना दोन, आणि उरलेली दोन कोणाला ते तिने मला सांगितलेले नाही.

दुपारी डोंगराच्या पोटात गेलो. किल्ल्याखालचा वालुकाश्म मऊ आहे आणि त्यात चौदाव्या शतकापासून बिअर थंड ठेवण्यासाठी एकाखाली एक अशी तळघरे खोदलेली आहेत. त्यांतल्याच एकात, जमिनीखाली चोवीस मीटरवर, युद्ध सुरू झाल्यानंतर शहराच्या कलावस्तू लपवण्याची सोय करण्यात आली. भिंतींना आतून वेगळी कोठी, हवा खेळती ठेवण्याची यंत्रे, दमटपणा मोजण्याची उपकरणे, लोखंडी दारे, अशी सारी व्यवस्था मी अगदी जवळून पाहिली आणि काम चोख आहे हे मान्य करावे लागले. शिल्पकार फाइट श्टोसचे लाकडी शिल्प, मार्टिन बेहाइमचा पृथ्वीगोल, चर्चच्या रंगीत काचा, सारे येथे सुखरूप राहिले. पण याच कोठीत पोलंडमधील क्राकाउहून लुटून आणलेली प्रचंड वेदीही ठेवली होती, आणि व्हिएन्नाहून १९३८ मध्ये उचलून आणलेली साम्राज्याची राजचिन्हेसुद्धा. युद्धानंतर ती दोन्ही परत गेली. शेवटच्या दालनात जळालेल्या शहराची छायाचित्रे आहेत. सकाळी किल्ल्यावरून पाहिलेल्या छपरांच्या जागी त्यांत केवळ दातांसारख्या उभ्या राहिलेल्या भिंती दिसतात. बाहेर कडक ऊन होते आणि आत स्वेटर घालूनही पत्नी कुडकुडत होती. वर आल्यावर आम्ही चौकातल्या पायऱ्यांवर बराच वेळ काही न बोलता बसून राहिलो.

शुक्रवार

युद्धानंतर शहर पाडून नव्याने आखावे असाही विचार पुढे आला होता. अखेर जे ठरले ते असे: रस्त्यांच्या जुन्या रेषा, घरांची उंची, छपरांचा उतार आणि वालुकाश्म कायम ठेवायचा, मात्र प्रत्येक घराची नक्कल करायची नाही. महत्त्वाच्या इमारती जशाच्या तशा उभाराव्यात, बाकीच्या जागी साधी, आजच्या गरजेची घरे बांधावीत. त्यामुळे दुरून पाहिल्यास शहर मध्ययुगीन दिसते आणि जवळ गेल्यावर खिडक्या १९५० नंतरच्या निघतात. मला ही पद्धत प्रामाणिक वाटली. पत्नीला मात्र ती घरे 'आपल्या सरकारी वसाहतीसारखी' वाटली, आणि खरे सांगायचे तर तिचेही अगदीच चुकत नव्हते.

किल्ल्याकडून बाजाराकडे उतरताना फेंबो हाउस हा १५९० च्या दशकातला व्यापाऱ्याचा वाडा लागतो. अशा मोठ्या वाड्यांपैकी शाबूत उरलेला तो जवळजवळ एकटाच आहे. अठराव्या शतकात येथे होमान घराण्याचा नकाशे छापण्याचा कारखाना होता आणि तेथून हिंदुस्थानचेही नकाशे निघत. आत युद्धापूर्वी बनवलेली जुन्या शहराची लाकडी प्रतिकृती आहे. एकेक घर, एकेक झरोका कोरलेला. मी तीत आमच्या खानावळीची गल्ली शोधली. गल्ली तीच होती, घर निराळे होते.

सेंट सेबाल्डच्या चर्चमध्ये पेटर व्हिशर आणि त्याच्या मुलांनी १५०८ ते १५१९ या काळात ओतलेली पितळी समाधी आहे. संताच्या अस्थींची चांदीने मढवलेली पेटी आत, भोवती खांब आणि कमानींचे पितळी देवालय, आणि हा सारा भार कोणी पेलला आहे, तर गोगलगाईंनी! एका टोकाला व्हिशरने स्वतःलाही उभे केले आहे: ठेंगणा, जाडजूड, कातडी पुढा बांधलेला ओतारी. खांबांलगत चर्चच्या पडझडीची छायाचित्रे मांडलेली आहेत, म्हणजे ज्या कमानीखाली आपण उभे असतो तीच छपराविना कशी दिसत होती ते तेथल्या तेथे ताडून पाहता येते.

बारा वाजायच्या बेताला हाउप्टमार्क्ट या मुख्य चौकात आलो. दररोज बारा वाजता फ्राउएनकिर्शे या चर्चच्या दर्शनी भागावरचे १५०९ साली पूर्ण झालेले घड्याळ चालू होते: मध्ये सम्राट चौथा कार्ल बसलेला आणि सात निर्वाचक (सम्राट निवडणारे) राजे त्याच्याभोवती तीन फेऱ्या घालून मुजरा करतात. आम्ही मात्र चौकाच्या दुसऱ्या कोपऱ्यातल्या कारंज्यापाशी उभे राहून चुकीच्या दिशेला पाहत होतो आणि लोकांनी मोबाइल कोणीकडे रोखले आहेत हे लक्षात येईपर्यंत पहिली फेरी संपली होती. ते कारंजे, श्योनर ब्रुनेन, एकोणीस मीटर उंच आहे आणि त्यावर चाळीस मूर्तींची चार मजली मांडणी आहे. आजचे कारंजे विसाव्या शतकाच्या आरंभी केलेली प्रतिकृती असून चौदाव्या शतकातील मूळ अवशेष संग्रहालयात आहेत. जाळीत अडकवलेली कडी फिरवून इच्छा मागण्यासाठी रांग होती, तीत आम्हीही उभे राहिलो.

या चौकाबद्दल आणखी एक गोष्ट जाणून घेतल्याशिवाय तो सोडू नये. येथे पूर्वी ज्यूंची वस्ती होती. घड्याळात मुजरे घेणाऱ्या त्याच चौथ्या कार्लने ती हटवून बाजार भरवण्यास शहराला मोकळीक दिली, आणि डिसेंबर १३४९ मध्ये निदान ५६२ ज्यू मारले गेले. त्यांच्या प्रार्थनागृहाच्या जागी हे चर्च उभे राहिले. नाझी राजवटीत याच चौकाला हिटलरचे नाव देण्यात आले होते, आणि नदीकाठचे एकोणिसाव्या शतकातील मोठे सिनेगॉग ऑगस्ट १९३८ मध्येच पाडण्यात आले. घड्याळाखाली त्या दिवशी शेजारच्या खेड्यांतील शेतकऱ्यांनी पांढऱ्या शतावरीच्या जुड्या मांडल्या होत्या. जमिनीखाली, उजेड न लागू देता वाढवलेली ही भाजी फक्त वसंतात, २४ जूनपर्यंतच मिळते, आणि हंगामात येथले लोक तिच्याविषयी जे बोलतात ते ऐकून कोकणातल्या हापूसची आठवण होते.

जेवणाचे सांगायचे तर येथले बोटाएवढे सॉसेज प्रसिद्ध आहे. ते सात ते नऊ सेंटिमीटर लांबीचे आणि पंचवीस ग्रॅमपर्यंतच असावे असा नियम आहे, त्यात सुगंधी मरवा लागतो, आणि ते बीचच्या लाकडाच्या निखाऱ्यांवर भाजून सहा, आठ, दहा अशा हिशेबाने जस्ती रंगाच्या ताटलीत वाढतात. मी आठ खाल्ले. ते डुकराच्या मांसाचे असते हे वेगळे सांगायला नको. पण सोबतच्या बटाट्याच्या कोशिंबिरीतही इकडे पुष्कळदा मांसाचा रस्सा घालतात, हे शाकाहारी प्रवाशाने विचारून घ्यावे. पत्नीने शतावरी आणि उकडलेले बटाटे घेतले आणि लोणच्याची आठवण काढली.

पेग्निट्झ नदीवरचा फ्लाइशब्रुके पूल फारसे कोणी थांबून पाहत नाही, म्हणून त्याविषयी चार शब्द. १५९८ साली पुरा झालेला हा पूल एकाच चपट्या कमानीचा आहे. गाळा सत्तावीस मीटरचा, आणि दोन्ही काठांची जमीन मऊ. इतकी चपटी कमान काठांना बाहेर रेटते, म्हणून पायाखाली दोन हजारांहून अधिक लाकडी खुंट ठोकले असून काठाकडचे तिरपे आहेत, म्हणजे रेटा झेलता यावा. चारशे वर्षे आणि एक बाँबहल्ला सोसून तो उभा आहे. पुलाशेजारच्या दारावर दगडी बैल बसलेला असून खाली लॅटिन ओळी आहेत: सर्व गोष्टींना आरंभ आणि वाढ असते, पण पाहा, हा बैल कधी वासरू नव्हता. शेजारी खाटकांचा बाजार होता; हा विनोद कोणाला सुचला असेल त्याला नमस्कार.

संध्याकाळ सेंट लोरेन्झमध्ये काढली, आणि सबंध प्रवासात मला सर्वांत आवडलेली जागा ती. आत गेल्यावर डाव्या हाताला, वेदीजवळ, आडाम क्राफ्टने १४९३ ते १४९६ मध्ये घडवलेला पवित्र प्रसाद ठेवण्याचा दगडी मनोरा दिसतो. वीस मीटर उंच, वर वर बारीक होत जाणारा, आणि छताला टेकण्याची वेळ आल्यावर टोक वेलीच्या कोंभासारखे वळवून घेतलेले. हे दगडात कसे केले असेल याचा मी जवळ जाऊन विचार केला. नाजूक भाग आतून कशाने तरी धरलेले असणार, नाहीतर इतकी बारीक काडी स्वतःचे वजन पेलत नाही. मनोऱ्याच्या तळाशी गुडघा टेकून, हातात हातोडा-छिन्नी घेऊन, सारे ओझे खांद्यावर घेतलेला दाढीवाला माणूस म्हणजे खुद्द क्राफ्ट. तिकडे व्हिशर, इकडे क्राफ्ट: या गावात कारागीर स्वतःला देवाजवळ उभे करायला लाजत नव्हते.

हे काम ज्याच्या पैशातून झाले तो व्यापारी हान्स इमहोफ. पुढे १५०५ साली फ्रान्सिस्को दे आल्मेइदाबरोबर हिंदुस्थानाकडे निघालेल्या पोर्तुगीज ताफ्यात जर्मन आणि इटालियन व्यापाऱ्यांनी भांडवल घालून जहाजे पाठवली, त्यांत न्यूर्नबर्गची इमहोफ आणि हिर्शफोगेल ही घराणी होती. मलबारची मिरी या गावाच्या तागडीत थेट येऊ लागली ती अशी.

वेदीसमोर, छतातून साखळीने टांगलेली, फाइट श्टोसची लिंडनच्या लाकडातली देवदूत आणि मेरीची मोठी मूर्ती आहे. गुलाबांच्या माळेच्या वर्तुळात दोघे हवेत तरंगतात. ती १५१८ सालची. सात वर्षांतच शहराने ल्यूथरचा प्रॉटेस्टंट पंथ स्वीकारला, तरी मूर्ती फोडल्या नाहीत. त्या देणगीदार घराण्यांच्या होत्या, म्हणून ही मूर्ती कापडात झाकून जागच्या जागी ठेवली. १८१७ मध्ये ती खाली पडली आणि तुकडे झाले; ते पुन्हा जुळवले. युद्धात ती डोंगराखाली होती. क्राफ्टचा मनोरा हलवणे शक्य नसल्यामुळे त्याच्याभोवती भिंत बांधून घेतली होती, तरी छत कोसळले तेव्हा वरचा भाग मोडलाच. तो पुन्हा केलेला आहे. मी बराच वेळ सांधा शोधला.

शनिवार

सकाळ जर्मानिशेस नात्सिओनालम्युझेउममध्ये गेली. १८५२ साली स्थापन झालेले हे संग्रहालय एका जुन्या मठाभोवती वाढलेले आहे, आणि त्याच्या गल्लीत दानी कारावान या शिल्पकाराने १९९३ मध्ये पांढऱ्या खांबांची रांग उभी केली असून त्यांवर मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याची तीस कलमे निरनिराळ्या भाषांत कोरली आहेत. आत सर्व पाहण्याचा हट्ट आम्ही धरला नाही. मार्टिन बेहाइमचा पृथ्वीगोल एवढाच मनाशी धरला. अर्ध्या मीटरहून किंचित जास्त व्यासाचा, काळपट झालेला हा गोल १४९२ च्या सुमारास शहराच्या सभेने करवून घेतला. जगात टिकून राहिलेला सर्वांत जुना पृथ्वीगोल तो हाच. कोलंबसच्या सफरीची वार्ता तोवर पोहोचली नव्हती, म्हणून युरोपच्या पश्चिमेला समुद्र ओलांडला की एकदम आशिया लागतो, अमेरिका नाहीच. वास्को द गामा कालिकतला पोहोचायलाही सहा वर्षे अवकाश होता. मसाले कोठे मिळतात हे मात्र गोलावर लिहून ठेवले आहे, व्यापाऱ्यांचेच गाव ते.

दुपारी भुयारी रेल्वेने तटाबाहेरच्या न्यायालयात, सहाशे क्रमांकाच्या दालनात गेलो. ही रेल्वे ज्या दिशेने जाते त्याच रस्त्याने ७ डिसेंबर १८३५ रोजी जर्मनीतील पहिली वाफेची प्रवासी गाडी फ्युर्थला गेली होती. दालन अपेक्षेपेक्षा लहान निघाले. २० नोव्हेंबर १९४५ पासून १ ऑक्टोबर १९४६ पर्यंत येथे त्या प्रसिद्ध खटल्यातले एकवीस नाझी आरोपी दोन बाकांवर बसले. बारा जणांना मृत्युदंड झाला, त्यांपैकी एकावर गैरहजेरीत खटला चालला होता, आणि तिघे सुटले. इमारत आणि शेजारचा तुरुंग बाँबमधून वाचले होते, हे ही जागा निवडण्याचे एक साधे कारण. वंशभेदाचे कायदे १९३५ मध्ये याच शहरात जाहीर झाले होते. त्या दालनात मी दर्जा पाहिल्या नाहीत.

परतताना मसालेदार लेबकूखेनचा डबा घेतला. नाताळचा हा गोड पदार्थ येथे वर्षभर मिळतो. उत्तम प्रतीच्या लेबकूखेनमध्ये निदान पाव भाग सुका मेवा आणि पीठ दहा टक्क्यांच्या आतच असावे लागते. दालचिनी, लवंग, वेलदोडा, जायपत्री, धने: डबा उघडताच पत्नी म्हणाली, "अहो, हा तर गोडा मसाला साखरेत घातलाय!"

रविवार

दुकाने बंद, गल्ल्या रिकाम्या. चामडे कमावणाऱ्यांची वाइसगेर्बरगासे ही गल्ली बाँबमधून बरीचशी सुटली, आणि तेथे लाकडी चौकटीची रंगवलेली घरे खांद्याला खांदा लावून उभी आहेत. येथे एकही दर्ज सरळ नाही, एकही खिडकी काटकोनात नाही. चार दिवसांत प्रथमच मला काही शोधावे लागले नाही. पुढे १८२४ सालचा साखळदंडाचा झुलता पूल ओलांडून आम्ही पश्चिमेला योहानिस दफनभूमीकडे चालत गेलो. या वाटेवर आडाम क्राफ्टने ख्रिस्ताच्या वधस्तंभ-यात्रेचे प्रसंग दगडात कोरून ठिकठिकाणी बसवले होते (आता तेथे प्रतिकृती आहेत) आणि प्रत्येकावर ख्रिस्ताला शिक्षा देणाऱ्या पिलाताच्या घरापासून इतकी पावले, असे अंतर लिहिले होते. आपल्याकडे वारीचे टप्पे असतात, तसेच.

दफनभूमीत सर्व थडगी सारख्या मापाच्या आडव्या दगडांची. श्रीमंत-गरीब असा भेद दगडाच्या आकारात करायचा नाही, असा शहराचा जुना नियम होता. लोकांनी मग तो वरच्या पितळी पाट्यांत केला: कोणावर कुलचिन्ह, कोणावर धंद्याची हत्यारे. मध्ये गुलाबांची झाडे. ड्यूररच्या दगडावर त्याचा मित्र पिर्कहाइमर याचे शब्द आहेत: आल्ब्रेख्त ड्यूररमध्ये जे मर्त्य होते ते या मातीखाली आहे. एक आजी शेजारच्या थडग्यावरील फुलांना झारीने पाणी घालत होत्या. त्यांनी ड्यूररच्या कुंडीतही थोडे ओतले.

गाडीला अवकाश होता म्हणून शेवटी एगिडिएन चौकातल्या पेलर हाउसपाशी गेलो. १६०५ साली पुरा झालेला हा व्यापाऱ्याचा वाडा शहरात सर्वांत देखणा मानला जाई. युद्धानंतर त्याचा तळमजलाच कायतो उरला. त्यावर १९५० च्या दशकात काच आणि दगडाची सरळसोट, आधुनिक इमारत उभारली, आणि मागचे अंगण मात्र नागरिकांच्या एका संस्थेने देणग्या जमवून, पाथरवटांकडून चिरा चिरा घडवून घेऊन, २०१८ पर्यंत मूळ नक्षीसह पुन्हा बांधले. त्या अंगणात जुने काळे दगड आणि नवे गुलाबी दगड एकमेकांत असे विणले आहेत की कोणते कोठले ते पोरालाही कळावे.

पुतण्याने विचारले, "काका, तुमच्याकडे हे काम आलं असतं, तर पुढची बाजू कशी केली असती?" मी म्हटले, आहे तशीच ठेवली असती, जे गेले ते गेले, हे दिसायला हवे. पत्नी म्हणाली, "अहो, भिंतीच्या दर्जा तुम्ही वाचता. बाकी लोक घर बघतात. मी तर नक्षीसकट बांधलं असतं." यावर आमचे एकमत झाले नाही, आणि स्थानकापर्यंतच्या वाटेवर, तटाच्या कडेने, तोच वाद चालू राहिला.